या वाक्यात कोण बोलतंय?

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा खर्डा सरांकडे द्यायचा होता. आदल्या दिवशी मी विधी ग्रंथालयात गेले ते फक्त तळटीपांमधले पानांचे आकडे ताडून बघायला. ग्रंथपाल मॅडमच्या टेबलाशी जागा मिळाली. त्यांनी सहज माझ्या प्रिंटआउटची पानं चाळली, एका अवतरणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोण बोलतंय गं?"

"सर्वोच्च न्यायालय, मॅडम."

"न्यायालयातलं कोण?"

मला प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, "खंड काढून आण."

खंड आणला, पान उघडलं. माझं अवतरण तिथे होतं, शब्दन् शब्द. फक्त ते निकालपत्राच्या आत नव्हतं. निकालपत्र सुरू होण्याआधी जो बारीक टाइपातला सारांश असतो, ज्याला आपण हेडनोट म्हणतो, त्यात होतं. म्हणजे ते वाक्य न्यायमूर्तींचं नव्हतंच. ते त्या नियतकालिकाच्या संपादकाचं होतं. आत निकालपत्रात न्यायमूर्तींनी जवळपास तेच म्हटलं होतं, पण एका अटीसह: 'या भाडेपट्ट्याच्या परिस्थितीत'. संपादकाने सारांश करताना ती अट गाळली होती. आणि माझ्या प्रकरणाची चौदा पानं त्या अट नसलेल्या वाक्यावर उभी होती.

खटल्याचं नाव मुद्दाम देत नाही. चूक संपादकाची नव्हती, माझी होती. मी खंड उघडलाच नव्हता. डेटाबेसमध्ये शोध घेतला, निकालांच्या यादीत दोन ओळींचा तुकडा दिसला, तो उचलून चिकटवला. पडद्यावर हेडनोट कुठे संपते आणि निकाल कुठे सुरू होतो हे त्या तुकड्यात दिसतच नाही. छापील पानावर निदान टाइप बदलतो.

प्रकरण पुन्हा लिहायला पाच आठवडे गेले. पण मॅडमचा प्रश्न मात्र माझ्या संशोधनाचा खरा प्रश्न होऊन बसला. माझा विषय ग्रंथालयशास्त्र आणि कायदा यांच्या सीमेवरचा आहे: न्यायालयाचा निकाल कागदावरून पडद्यावर, आणि आता पडद्यावरून यंत्राच्या उत्तरात जातो, तेव्हा वाटेत त्यात काय काय मिसळतं. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेट देऊन संशोधनात उतरणार आहेत, त्यांना कायद्याचा विषय नसला तरी हे कामाला येईल. निकालपत्रांशी इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र सगळ्यांचाच कधीतरी संबंध येतो.

एका पानावर किती माणसं असतात

छापील निकालाचं एक पान घ्या. वर पक्षकारांची नावं. मग हेडनोट, ती संपादकाची. मग आधीच्या कोणत्या निकालांचा उल्लेख आला त्याची यादी, तीही संपादकाची. मग निकालपत्र. पण निकालपत्रातला प्रत्येक परिच्छेदही न्यायालयाचं मत नसतो. आधी घटनाक्रम येतो. मग 'अपीलकर्त्याच्या विद्वान वकिलांनी असा युक्तिवाद केला की' अशी सुरुवात होते आणि पुढची तीन-चार पानं वकील बोलत असतात. मग प्रतिवादीचे वकील. मग खालच्या न्यायालयाने काय म्हटलं होतं ते. मग जुन्या निकालांमधले लांबलचक उतारे. आणि मग कधीतरी न्यायालय स्वतः बोलू लागतं. त्यातही एक भाग निकालाला आवश्यक असलेला, ज्याला रेशो म्हणतात, आणि एक जाता जाता केलेली टिप्पणी, म्हणजे ऑबिटर. एकाहून जास्त न्यायमूर्ती असतील तर बहुमत, सहमतीचं वेगळं मत, विरोधी मत.

मी वाचलेल्या प्रबंधांमध्ये मला सर्वात जास्त वेळा सापडलेली चूक म्हणजे हरलेल्या वकिलाचा युक्तिवाद 'न्यायालयाने म्हटले आहे' म्हणून उद्धृत करणं. यात हसण्यासारखं काही नाही. लांब निकालात परिच्छेद मध्येच उघडला तर बोलणारा कोण ते कळायला दहा परिच्छेद मागे जावं लागतं, आणि शोधयंत्र आपल्याला नेमकं मध्येच उतरवतं.

केशवानंद भारती खटल्याचंच बघा ना. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायमूर्तींचं पीठ, सात विरुद्ध सहा, एकूण अकरा निकालपत्रं. संसदेला घटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही, हे त्याचं सार आपण शाळेतल्या नागरिकशास्त्रापासून ऐकतो. पण हे 'न्यायालयाने म्हटलं' म्हणजे नेमकं कुणी म्हटलं? शेवटी 'बहुमताचं मत' असा एक छोटा सारांश जोडलेला आहे. त्यावर तेरापैकी नऊ न्यायमूर्तींच्या सह्या आहेत. चौघांनी सही केली नाही. म्हणजे सही करणारे नऊ आणि बहुमत सातांचं! त्या सारांशातलं मूलभूत चौकटीचं वाक्य न्यायमूर्ती खन्ना यांच्या मताच्या जवळचं आहे. बाकी सहा जणांनी मर्यादा वेगवेगळ्या शब्दांत आणि वेगवेगळ्या कारणांनी मांडल्या होत्या. या सारांशाचा कायदेशीर दर्जा काय, यावर अभ्यासकांनी पुढे बरंच लिहिलं. सिद्धान्त त्यानंतरच्या निकालांमधून पक्का झाला, त्याबद्दल आज वाद नाही. पण १९७३ च्या निकालाचं अवतरण देताना न्यायमूर्तींचं नाव न लिहिणं म्हणजे अर्धी माहिती देणं, एवढं नक्की.

हेडनोटने घडवलेला इतिहास

हेडनोट ही साधी सोय वाटते. तिने काय होऊ शकतं याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. १८८६ साली सांता क्लारा काउंटी विरुद्ध सदर्न पॅसिफिक रेलरोड हा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात आला. वाद होता रेल्वेवरच्या कराचा. चौदाव्या घटनादुरुस्तीतलं समान संरक्षण 'व्यक्तीं'ना आहे. मग कंपनी ही व्यक्ती का, हा मुद्दाही मांडलेला होता. सरन्यायाधीश वेट यांनी युक्तिवाद सुरू होण्याआधी तोंडी सांगितलं की यावर आम्हाला काही ऐकायचं नाही, हे संरक्षण कंपन्यांना लागू होतं असंच आम्हा सर्वांना वाटतं. लेखी निकालात मात्र हा घटनात्मक प्रश्न टाळून कराच्या तांत्रिक मुद्द्यावर निकाल दिला गेला.

न्यायालयाचे निकाल छापण्याचं काम बँक्रॉफ्ट डेव्हिस यांच्याकडे होतं. त्यांनी वेट यांना पत्र लिहून विचारलं, तुमचं ते तोंडी बोलणं मी नीट टिपलं आहे ना? वेट यांचं उत्तर साधारण असं होतं: टिपलंय बरोबर, पण निकालात आम्ही तो प्रश्न टाळला आहे, तेव्हा अहवालात घ्यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. डेव्हिस यांनी ते घेतलं, आणि निकालाच्या वर हेडनोटमध्येही घातलं. पुढे वकिलांनी आणि न्यायालयांनी 'सांता क्लारामध्ये ठरलं आहे' असं म्हणत कंपनी ही व्यक्ती असल्याचा मुद्दा गृहीत धरला. डेव्हिस हे एकेकाळी एका रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते, त्यावरून कटाच्या कथाही रंगवल्या जातात. मला त्या फारशा पटत नाहीत. कारण त्यांनी लपवाछपवी केली नाही, उलट पत्र लिहून विचारलं. मला त्यातली साधी कारकुनी बाजू जास्त अस्वस्थ करते: एक माणूस सारांश लिहितो, दुसरा सारांशच वाचतो, तिसरा दुसऱ्याचा दाखला देतो.

वीस वर्षांनी, १९०६ मध्ये, डेट्रॉइट टिंबर खटल्यात त्याच न्यायालयाला स्पष्ट सांगावं लागलं की हेडनोट हे न्यायालयाचं काम नाही, ते निकाल छापणाऱ्याचं आकलन आहे. आजही अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांना जोडलेल्या सारांशावर या खटल्याचा हवाला देऊन तशी सूचना छापलेली असते. आपल्याकडे बहुतेक विद्यार्थी कुठल्याही सूचनेशिवाय हेडनोट वाचतात आणि परीक्षेत तीच लिहितात. मीही तशीच पास झाले.

झेरॉक्सवरून झालेला खटला

आता गंमत बघा. हेडनोट न्यायालयाची नाही, हे सर्वात ठामपणे कुठे सिद्ध झालं? स्वामित्वहक्काच्या खटल्यांत. कारण प्रकाशकांना पैसे हवे तर म्हणावं लागतं की हे आमचं लेखन आहे.

टोरंटोमधल्या ऑसगुड हॉलमध्ये ओंटारियोच्या वकिलांच्या संस्थेचं एक मोठं ग्रंथालय आहे, त्याचं नावच ग्रेट लायब्ररी. तिथले ग्रंथपाल वकिलांना, न्यायाधीशांना आणि संशोधकांना मागणीनुसार निकालांच्या, लेखांच्या प्रती काढून पाठवत. शिवाय स्वतः प्रती काढायला यंत्रं ठेवलेली होती. १९९३ मध्ये सीसीएच कॅनेडियन आणि इतर दोन विधी प्रकाशकांनी दावा लावला. ४ मार्च २००४ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात दोन गोष्टी एकत्र ठरल्या. निव्वळ निकालपत्रावर प्रकाशकाचा हक्क नाही, पण हेडनोट, खटल्याचा सारांश, विषयसूची यांच्यामागे 'कौशल्य आणि विवेक' आहे, म्हणून त्या मूळ कृती आहेत. आणि तरीही संशोधनासाठी एकेक प्रत काढून देणारं ग्रंथालय दोषी नाही, कारण उचित वापर हा वाचकाचा हक्क आहे, प्रकाशकाने केलेली मेहेरबानी नव्हे. ग्रंथालयाने प्रती कशासाठी आणि किती द्यायच्या याचं लेखी धोरण ठेवलं होतं, ते त्यांच्या फार उपयोगी पडलं. (ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात 'धोरण लिहून ठेवा' हे वाक्य ऐकून जांभया देणाऱ्यांमध्ये मीही होते.)

हा निकाल भारतात आला तो ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात. लखनौची ही कंपनी १९६९ पासून सुप्रीम कोर्ट केसेस म्हणजे एससीसी काढते. दोन कंपन्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल सीडीवर विकायला सुरुवात केली तेव्हा ईस्टर्नने त्यांच्यावर दावा लावला. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ नुसार न्यायालयाचा निकाल, न्यायालयानेच मनाई केली नसेल तर, कुणालाही छापता येतो. मग संपादकाने त्यात जे केलं त्याचं काय? डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅनडाचा तो 'कौशल्य आणि विवेक' निकष जवळ केला आणि थोडी का होईना सर्जनशीलता हवी असं म्हटलं. शुद्धलेखन सुधारणं, दाखले पूर्ण करणं यात ती नाही. पण मूळ निकालात सलग असलेला मजकूर परिच्छेदांत तोडणं-जोडणं आणि त्यांना आकडे देणं, निकालाच्या आतल्या आत संदर्भ जोडणं, आणि कोणत्या न्यायमूर्तींचं मत सहमतीचं, कुणाचं अंशतः विरोधी हे नोंदवणं, यासाठी निकाल वाचून समजावा लागतो. म्हणून तेवढ्या भागावर ईस्टर्नचा हक्क मान्य झाला.

संशोधक म्हणून याचा अर्थ माझ्यासाठी असा: ज्या जुन्या निकालातला 'परिच्छेद १७' मी तळटीपेत लिहिते, तो सतरावा कुणी ठरवला? अनेकदा न्यायमूर्तींनी नाही, प्रकाशकाने. म्हणूनच तोच निकाल दुसऱ्या नियतकालिकात उघडला तर सतराव्या परिच्छेदात भलताच मजकूर निघू शकतो.

दाखल्याचे आकडे

इथे थोडा इतिहास पटकन सांगते. आपल्याकडे १८७५ चा इंडियन लॉ रिपोर्ट्स कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून आयएलआर ही अधिकृत मालिका सुरू झाली, त्यात मुंबईचीही होती. अधिकृत मालिका संथ असते, म्हणून खासगी नियतकालिकं आली. त्यातलं सर्वात ओळखीचं नाव आपल्या नागपूरचं: ऑल इंडिया रिपोर्टर, म्हणजे एआयआर. तालुक्याच्या वकिलाच्या कार्यालयातही काचेच्या कपाटात लाल-काळ्या बांधणीचे खंड दिसायचे.

परिणाम असा की एकाच निकालाला तीन-चार पत्ते मिळाले. केशवानंद म्हणजे एआयआर १९७३ एससी १४६१, आणि तोच निकाल (१९७३) ४ एससीसी २२५. पहिल्यात वर्ष, न्यायालय आणि पान. दुसऱ्यात वर्ष, चौथा खंड, पान २२५. ज्याच्याकडे एससीसी नाही त्याने दुसऱ्या पत्त्यावरून घर कसं शोधायचं? समांतर दाखल्यांची कोष्टकं हाताशी ठेवून ही वाट दाखवणं हे विधी ग्रंथपालांचं कित्येक दशकांचं काम होतं. त्याला कुणी नवोपक्रम म्हटलं नाही.

२००८ मध्ये सुशांत सिन्हा यांनी इंडियन कानून हे मोफत शोधयंत्र सुरू केलं आणि खंड परवडत नसलेल्या सगळ्यांसाठी दार उघडलं. माझ्या पिढीचं कायद्याचं शिक्षण त्यावरच झालंय, ते नाकारणं कृतघ्नपणा होईल. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-एससीआर सुरू केलं, सुमारे ३४ हजार निकाल अधिकृत रूपात फुकट. आणि त्याच वर्षी तटस्थ दाखला आला: वर्ष, मग आयएनएससी ही अक्षरं, मग त्या वर्षातला अनुक्रमांक. हा पत्ता कुठल्याही प्रकाशकाचा नाही, न्यायालयाचाच. मुंबई उच्च न्यायालयाच्या दाखल्यात तर अपील शाखा, मूळ शाखा, नागपूर, औरंगाबाद, गोवा यांची खूणही असते. प्रबंधात दाखले देताना तटस्थ दाखला असेल तर तो आधी लिहा. तुमचा परीक्षक कुठल्या डेटाबेसचा वर्गणीदार आहे यावर तुमची तळटीप अवलंबून राहायला नको.

आणि आता यंत्र

यंत्राबद्दल लिहिताना सगळे एकाच खटल्यापासून सुरुवात करतात, मीही करते: माटा विरुद्ध एव्हियांका, न्यूयॉर्क, २०२३. वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले निकाल अर्जात घातले. त्यात व्हर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स नावाचा एक होता. असा निकाल अस्तित्वातच नव्हता. वकिलाने यंत्रालाच विचारलं होतं की हा निकाल खरा आहे ना, आणि यंत्र म्हणालं, खरा आहे. न्यायाधीश कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलर दंड केला.

या खटल्याचा धडा 'बनावट दाखल्यांपासून सावध' इतकाच घेतला जातो, तो मला अपुरा वाटतो. पूर्ण बनावट निकाल पकडणं सोपं आहे. शोधला, सापडला नाही, संपलं. माझी चूक तशी नव्हती. माझा निकाल खरा, खंड खरा, पान खरं, वाक्यही छापलेलं. यंत्राच्या उत्तरांमध्ये हाच प्रकार जास्त धोक्याचा आहे: खरा निकाल दाखवून त्याच्या तोंडी त्याने न म्हटलेलं वाक्य घालणं, किंवा वकिलाचा युक्तिवाद न्यायालयाचा म्हणून देणं.

स्टॅनफर्डच्या एका गटाने २०२४ मध्ये खास कायद्यासाठी बनवलेल्या, पैसे देऊन घ्यायच्या साधनांची चाचणी घेतली. लेक्सिसच्या साधनात १७ टक्क्यांहून जास्त, वेस्टलॉच्या साधनात ३४ टक्क्यांहून जास्त उत्तरं भ्रामक निघाली. त्यांनी 'भ्रामक' या शब्दाची व्याख्याच दोन भागांत केली: उत्तर चुकीचं असणं, आणि उत्तर दिलेल्या आधाराशी जुळत नसणं. दुसरा भाग म्हणजे मॅडमचा प्रश्नच. संशोधनपद्धतीच्या दृष्टीने या अभ्यासाची कहाणीही वाचण्यासारखी आहे. पहिल्या आवृत्तीत त्यांनी वेस्टलॉचं मुख्य साधन तपासलंच नव्हतं, कारण त्यांना ते वापरायला मिळालं नव्हतं. त्याच कंपनीचं दुसरं साधन तपासलं होतं. टीका झाली, मग साधन मिळालं, मग सुधारित आवृत्ती आली. आकडा उद्धृत करताना कुठल्या आवृत्तीतला हे बघा. आणि हेही लक्षात ठेवा की हे प्रश्न अमेरिकी कायद्याचे होते. भारतीय कायद्यावर तेच प्रमाण आहे असं म्हणायला यातून आधार मिळत नाही, कमी असेल की जास्त तेही नाही. प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्या, मी खुशाल देते.

हेडनोटचं आणि यंत्राचं नातं मात्र याहून जुनं आहे. रॉस इंटेलिजन्स या कंपनीला कायद्याचं शोधयंत्र बनवायचं होतं. त्याला शिकवण्यासाठी त्यांनी दुसऱ्या कंपनीकडून प्रश्नोत्तरांच्या नोंदी विकत घेतल्या, ज्या वेस्टलॉच्या हेडनोट समोर ठेवून बनवलेल्या होत्या. थॉमसन रॉयटर्सने दावा लावला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायाधीश बिबास यांनी २,२४३ हेडनोटच्या बाबतीत स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचं ठरवलं आणि उचित वापराचा बचाव फेटाळला. संपादक लांब निकालातून काय ठेवायचं ते निवडतो, शिल्पकार दगडाचं करतो तसं, हा त्यांचा मुद्दा. प्रकरण पुढे अपिलात गेलं. माझं लक्ष वेधलं ते वेगळ्याच गोष्टीने: यंत्र कायदा शिकत होतं ते न्यायाधीशांकडून नव्हे, संपादकांच्या सारांशांवरून. माझ्यासारखंच.

याच्या उलट दिशेचं काम हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने केलं. त्यांनी अमेरिकी निकालांच्या सुमारे चाळीस हजार खंडांच्या पाठी कापून, पानं सुटी करून, चार कोटींच्या आसपास पानं स्कॅन केली आणि २०१८ मध्ये ती खुली केली. पण ज्या खंडांवर अजून स्वामित्वहक्क होता, त्यातल्या हेडनोट झाकून. परवान्यापोटी केलेली तडजोड होती ती, पण माझ्या दृष्टीने त्यातून एक दुर्मीळ गोष्ट तयार झाली: न्यायालय आणि संपादक वेगळे केलेला संग्रह.

मराठीत निकाल वाचताना

आपल्याशी थेट संबंध असलेली बाजू म्हणजे भाषांतर. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सुवास हे भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं, त्यात मराठी सुरुवातीपासून आहे. आज ई-एससीआरवर मराठीतले निकाल मिळतात. खेड्यातल्या पक्षकाराला आपल्या जमिनीचं काय झालं ते स्वतः वाचता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि यंत्राशिवाय इतक्या संख्येने ते झालं नसतं. पण प्रत्येक भाषांतरासोबत सूचना असते की हे पक्षकाराला समजावं म्हणून आहे, अधिकृत पाठ इंग्रजीच. न्यायालयीन भाषांतराच्या चर्चेत 'लीव्ह ग्रँटेड' हे उदाहरण नेहमी दिलं जातं. न्यायालयात त्याचा अर्थ अपील दाखल करायला परवानगी दिली; यंत्राला वाटू शकतं, रजा मंजूर झाली. असली चूक तपासणाऱ्याच्या डोळ्याला लगेच खुपते. खुपत नाहीत त्या 'शॅल' आणि 'मे'सारख्या जागा, जिथे 'करील', 'करावे', 'करू शकेल' यांत निकालाचं वजन बदलतं. मराठी प्रबंधात मराठी भाषांतरातून अवतरण द्यायला हरकत नाही, पण तळटीपेत तसं लिहा आणि इंग्रजी परिच्छेद एकदा शेजारी ठेवून वाचा. तिथे बोलणारे आता तिघे आहेत: न्यायमूर्ती, यंत्र आणि ते तपासणारा अनुवादक.

मी आता काय करते

माझी पद्धत फार हुशारीची नाही. निकालांच्या नोंदींच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला आहे, 'कोण'. त्यात न्यायमूर्तींचं नाव, आणि मत बहुमताचं की विरोधी. नाव लिहिता येत नसेल तर अवतरण प्रबंधात जात नाही. हेडनोट मी वाचते, रोज वाचते, निकाल निवडायला तिच्याशिवाय गत्यंतर नाही. पण तिच्यातून काही कॉपी करत नाही. यंत्राला विचारते तेव्हा 'याबद्दल कायदा काय आहे' असं न विचारता 'यावर निकाल शोधायला कोणते शब्द वापरू' असं विचारते. या प्रश्नाचं चुकीचं उत्तर फार नुकसान करत नाही. आणि शेवटी तो निकाल नंतर फिरवला गेला का ते बघते. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये खंडांच्या समासात चिकटवायच्या चिठ्ठ्या विकायला काढल्या, त्या याचसाठी. आपल्याकडे त्यासाठी वर्गणीचा डेटाबेस लागतो किंवा चांगला ग्रंथपाल.

दुसरी सोय कमी होत चालली आहे. आमच्या मॅडम येत्या जूनमध्ये निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी कुणाला घेणार हे अजून कुणी सांगत नाही. डेटाबेसची वर्गणी मात्र वेळेवर भरली जाते. गेल्या महिन्यात त्यांनी मला कपाटातून चार वह्या काढून दिल्या. वाचकांनी आणलेले आणि न सापडलेले दाखले त्या लिहून ठेवत आल्या आहेत: मागितलेला पत्ता, खरा पत्ता, आणि चूक कुठे झाली. साल उलटं, खंड चुकीचा, नाव अर्धवट, कधी नुसतंच 'हेडनोट'. शेवटच्या वहीत एक नवी खूण आहे, 'यंत्राने सांगितलेला', आणि तिच्यापुढे खऱ्या पत्त्याची जागा बऱ्याचदा रिकामी. पहिल्या दोन वह्या मी टाइप करून झाल्या आहेत. तिसरीतलं त्यांचं अक्षर बारीक आहे, काही ठिकाणी त्यांना फोन करून विचारावं लागतं.